शुक्रावरचा डाग

"कॅमेऱ्यावरची धूळ आहे ती," वेधशाळेतल्या पडद्यावरचा काळा डाग बघून डॉक्टर दाबके हसले. ढगांनी झाकलेल्या शुक्राची जमीन इथून दिसणं शक्यच नाही, असं म्हणत त्यांनी मागे कनिष्ठ संशोधक शाल्मलीचा ती टिपण्याचा प्रस्ताव भर बैठकीत हाणून पाडला होता.

तापलेल्या जमिनीचे अवरक्त किरण ढगांतूनही थोडे निसटतात आणि त्यांत थंड डोंगर काळे दिसतात, हे तिने त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं होतं. आता तिने नुसती दुर्बीण किंचित सरकवली. धूळ असती, तर डाग पडद्यावर जागचा हलला नसता. तो शुक्राबरोबर सरकला. मग तिने आठवडाभराचे फोटो दाखवले: ढग बदलत गेले होते, डोंगर तिथेच होता.

दाबके खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

"आपण हे लगेच छापू. पहिलं नाव माझं घाल, म्हणजे वजन पडेल."

या माणसापुढे बोलायला आपण इतके घाबरायचो, याचंच शाल्मलीला हसू आलं.

"सर, शुक्र मावळतोय, मला काम आहे," ती म्हणाली. "जाताना दार लावून घ्या. उजेड आत येतोय."