मागच्या सीटवरची चादर

जगात असं एकही कुलूप जन्माला आलेलं नाही जे आपल्याला अडवू शकेल, असं कुलूपवाल्याचं ठाम मत होतं. त्या दिवशी सकाळी हे मत त्याने हॉटेलच्या बाथरूममधून, आतून, मांडलं. कडी अडकली होती. अर्ध्या तासाने हॉटेलच्या माळ्याने बाहेरून लाथ घातली, तेव्हा सहल सुरू झाली.

समुद्राएवढं तळं, काठाने चार चौपाट्या आणि मध्ये वाळूच्या टेकड्या. भाड्याच्या पांढऱ्या गाडीत पुढे कुलूपवाला आणि त्याची बायको, मागे दहा वर्षांची मुलगी आणि आत्या. आत्याने त्याला लहानाचं मोठं केलं होतं, आणि ते काम अजून संपलेलं नाही असा तिचा समज होता. दर दोन मिनिटांनी ती म्हणे, "हळू चालव रे." नाही ऐकलं तर काळ्या छत्रीचं टोक पाठीत. मरण्याआधी वाळूच्या टेकड्या बघायच्या म्हणून ती हट्टाने आली होती. डॉक्टरांनी एवढंच बजावलं होतं, की हृदय नाजूक आहे, धक्का बसू देऊ नका.

पहिल्या चौपाटीवर वीसेक गाड्या उभ्या होत्या. बहुतेक सगळ्या गावातल्या त्याच एका दुकानातून भाड्याने आणलेल्या, गणवेशातल्या पोरांसारख्या पांढऱ्या. खांबावर पाटी होती: 'सावधान. येथून गाड्या चोरीला जातात.'

"तुम्ही या जाऊन," आत्या म्हणाली. गाडी लागू नये म्हणून घेतलेल्या गोळीने तिचे डोळे जड झाले होते. गार हवा चालू राहावी म्हणून कुलूपवाल्याने किल्ली गाडीतच ठेवली.

"आतून लॉक कर. कुणालाही उघडू नकोस."

"तुला शिकवलं कुणी हे?" आत्या म्हणाली.

तासाभराने ते टेकडीच्या दुसऱ्या अंगाने उतरून परत आले. आत्या मागच्या सीटवर आडवी झाली होती, गाडीबरोबर मिळालेली पट्ट्यापट्ट्यांची चादर डोक्यावरून ओढून. इंजिन आणि गार हवा चालू, दारं आतून बंद.

"काच वाजवा," बायको म्हणाली.

"आणि दचकली तर? शिवाय उठली की गाणं सुरू." त्याने खिशातून पोलादी पट्टी काढली, काचेच्या फटीतून सरकवली आणि अकरा सेकंदांत दार उघडलं. सकाळची लाथ भरून निघाली.

मुलगी पायांशी अंग चोरून बसली. "आजीने मोजे कधी घातले?"

"गार हवा लागली असेल," आई म्हणाली.

कुलूपवाल्याचा पाय ब्रेकपर्यंत पोचेना. सीटशी पोरीने खेळ केला असणार असं म्हणत त्याने ती पुढे ओढली. रस्ता मोकळा होता, मागून शब्द येत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच तो मनाजोगत्या वेगाने गाडी चालवत होता.

दुसरी चौपाटी मागे पडली तेव्हा आरशात एक पांढरी गाडी दिसली. दिव्यांची उघडझाप करत होती.

"पुढे जायचं असेल," बायको म्हणाली.

त्याने गाडी बाजूला घेतली. ती गाडी पुढे गेली नाही. बरोबरीने आली. चालवणारा टकला, आडदांड, काळ्या चष्म्याचा. बंद काचेआड तो ओरडत होता. मागच्या काचा काळ्या होत्या, पण त्याच्या खांद्यावरून काहीतरी काळं, लांबुळकं पुढे आलं होतं.

"अहो," बायको कुजबुजली, "बंदूक."

"मागे अजून एक जण आहे," मुलगी म्हणाली.

"हळू बोल. आजी उठेल."

टेकड्यांमागे फोनला रेंज नव्हती. कुलूपवाल्याने वेग वाढवला, टकल्यानेही. तो तिसऱ्या चौपाटीच्या वळणावर आत शिरला आणि मागच्या वाटेने निसटला. दोन मिनिटांत दिवे पुन्हा आरशात. तिघंही घाबरली होती ती कुजबुजत. ओरडायचीही सोय नव्हती. बायको ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती.

"बाबा, आपल्याला मारतील?"

"छे. आजीचा श्वास बघ."

मुलीने चादर चाचपली. "चालू आहे. घोरतेय. जरा वेगळंच घोरतेय."

"गोळीचा परिणाम," तो म्हणाला, आणि गाडी कच्च्या वाटेवर घातली. कच्ची वाट शंभर पावलांवर संपली. चाकं वाळूत फिरली, रुतली, थांबली. समोर तळं, दोन्ही बाजूंना टेकड्या, चिटपाखरू नाही.

मागे दार आपटल्याचा आवाज आला. टकला वाळू तुडवत येत होता.

कुलूपवाल्याने चारही दारं लॉक केली. कुणालाही उघडता येणार नाही असं एखादं तरी कुलूप जगात असावं, असं त्याला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

"मी बोलतो. काही झालं तर पोरीला घेऊन पळ," तो बायकोला म्हणाला.

"आणि आत्या?"

त्याने काच दोन बोटं खाली केली.

"गाडी घ्या," तो म्हणाला. "सगळं घ्या. फक्त मागे झोपलेल्या म्हातारीला हात लावू नका. आईसारखी आहे ती मला."

टकल्याने वाकून आत पाहिलं. पट्ट्यापट्ट्यांची चादर सावकाश वर-खाली होत होती. त्याने चष्मा काढला, घाम पुसला, खांदा चोळला आणि हात जोडले.

"गाडीचं राहू द्या हो," तो म्हणाला. "माझ्या आईलाही झोपू द्या, तिला ऐकू येत नाही, गोळी घेऊन पडलीय. तुमच्या आत्याबाईंना तेवढी छत्री खाली ठेवायला सांगा."