राक्षसाला टाळ्या

शिओरीने वर्षानुवर्षं खपून आपल्या ॲनिमेशन सिनेमातला समुद्री राक्षस रंगवला, तो एकाच बाईला घाबरवायला. तिची मित्सुए आजी ऐंशी ओलांडली तरी श्वास रोखून समुद्राच्या तळाशी आवाबीचे शिंपले काढायला उतरायची. "मला घाबरवून दाखव, दुसऱ्या दिवसापासून पाण्यात पाय टाकणार नाही," असं आजीनेच कबूल केलं होतं.

टोकियोत तो सिनेमा बघताना म्हणे एका सुमो पैलवानाने भीतीने बायकोच्या कडेवर उडी मारली. इथे शिमाच्या किनाऱ्यावर, मच्छीमार सोसायटीच्या हॉलात मात्र आजी आणि तिच्याबरोबर बुड्या मारणाऱ्या म्हाताऱ्या निवांत भाजलेलं माकूल चघळत बसल्या होत्या.

पडद्यावर नायिकेने खडकावरचा शिंपला खरवडून पिशवीत टाकला. तिच्या मागून आठ तोंडांचा राक्षस वर आला आणि आजी किंचाळली. शिओरी आनंदाने जागची उठलीच.

"अगं सटवे, एवढंसं पिल्लू ते! ठेव परत खडकावर!" आजी नायिकेवर ओरडत होती. "मोठं होऊ दे की त्याला!"

"खा रे बाबा, खा त्या चोरटीला!" बाकीच्या म्हाताऱ्या राक्षसाला टाळ्या वाजवू लागल्या. त्याने नायिकेला गिळलं, तसा अख्खा हॉल नाचायला लागला.

शिओरीने कपाळावर हात मारला, पण हसू तिलाही आवरेना. "म्हणजे आजी, तू समुद्र सोडणार नाहीस तर?"

"आता कशी सोडू गं?" आजी डोळे पुसत म्हणाली. "इतक्या वर्षांनी खाली राखणीला एक भला गडी मिळालाय!"