डावा कान

बोलण्याआधी मान डावीकडे किंचित कलवायची, ही आईची नाटकातली खोड. विंगेत उभा असलेला प्रॉम्प्टर तिला प्रत्येक वाक्य हळूच पुरवायचा. सिनेमात गेल्यावरही खोड सुटली नाही. दिग्दर्शक डोक्याला हात लावायचे. घरात तर मला वीट यायचा. जेवायला वाढू का विचारलं, तरी आधी मान कलणार!

आता ती अंथरुणाला खिळली होती. दुपारी टीव्हीवर तिचाच जुना सिनेमा लागला. पडद्यावरच्या तरुण आईने मान कलवली.

"इथे कोण सांगत होतं गं तुला?" मी चिडवलं.

"तोच, आमचा प्रॉम्प्टर."

"काहीतरीच! तो तर तुझ्या पहिल्या सिनेमाआधीच गेला."

"गेला म्हणून काय झालं? कामाला पक्का होता तो. आवाज वाढव."

मी वाढवला. तिच्या प्रत्येक वाक्याआधी तेच वाक्य कुणीतरी कुजबुजत होतं. कोरडा, पुरुषी आवाज. हा सिनेमा मी लहानपणापासून पाहत आले होते, पण हा आवाज कधीच ऐकला नव्हता.

मी टीव्ही बंद केला.

आईने उशीवर मान डावीकडे कलवली आणि लक्ष देऊन ऐकलं. मग माझ्याकडे बघून हसली.

"हे वाक्य माझं नाही," ती म्हणाली. "तुझं आहे. नीट ऐक."

माझ्या डाव्या कानाशी, अगदी जवळ, तो कुजबुजला, "आई, डोळे उघड ना."

आईचे डोळे उघडेच होते. माझ्याकडे बघत तिने ते सावकाश मिटले, आणि माझ्या वाक्याची वाट बघत पडून राहिली.