चार बोटं खोल

मापाऱ्याने दाराच्या वरच्या दगडाला खालच्या अंगाने ओला गेरू फासला, हात झटकले आणि हाक मारली, "चला, आणा म्हातारीला!"

म्हातारीची सून दाराबाहेर भिंतीशी उभी होती. आता मागे फिरायची सोय नव्हती.

ही राक्षसांची वस्ती. दरीतल्या माणसांची घरं यांच्या गुडघ्याला लागत. पण यांचं हाड मेलं कधी थांबतच नाही, मरेपर्यंत वाढतं. म्हणून सगळ्या वस्तीची दारं एकाच मापाची, आणि केस पिकले की दरवर्षी मोजणी. टाचा टेकवून, ताठ मानेने दाराखालून बाहेर यायचं. डोक्याला गेरू लागला की तसंच माळावर जायचं. परत घरात पाऊल नाही. कुणी म्हणेल, दार वाढवा की! एकाचं वाढवलं तर सगळ्यांचं वाढवावं लागेल, आणि मग एवढ्या धिप्पाड म्हाताऱ्यांना घरात बसवून खाऊ घालायचं कुणी?

माळावर छप्पर नाही. पालापाचोळा खायचा आणि वाढत राहायचं. पुढे अंग इतकं होतं की रक्त डोक्यापर्यंत चढत नाही, मग आडवं पडून राहायचं. आणि आवाज! तो खोल खोल जात एक दिवस घरच्यांच्या कानांना ऐकूच येईनासा होतो. जमीन थरथरली की तळव्यांना कळतं, कुणीतरी बोलतंय. कोण बोलतंय, काय बोलतंय, काही कळत नाही.

सुनेला तेच सोसणार नव्हतं. सासूची जीभ म्हणजे कात्री. वीस वर्षं दोघी एका चुलीशी उभ्या राहून भांडल्या होत्या, आणि नवरा गेल्यापासून त्या भांडणाशिवाय घरात दुसरा आवाजच उरला नव्हता.

गेल्या वर्षी गेरू केसाच्या अंतराने चुकला होता. यंदा चुकणं शक्यच नव्हतं. सून गवंडीकाम करायची. आठ दिवस, दुपारी म्हातारीचा डोळा लागला की तिने दारातली जमीन खणली. चांगली चार बोटं खोल. माती पाटीपाटीने परसात पसरली, दोन्हीकडून पायाला कळणार नाही असा उतार दिला आणि वरून लिंपून घेतलं. सगळं झालं, पण काल ऊन म्हणून पडलं नाही. लिंपण अजून ओलं होतं. आणि असली लबाडी उघडी पडली तर वस्ती त्या घराचं छप्परच उतरवायची. मग दोघीही उघड्यावर.

सासू आतून आली. केस मोकळे, काखेत बांधलेलं गाठोडं.

"आई, गाठोडं कशाला?"

"मागून आणून द्यायचं तुझ्या लक्षात राहणार आहे का? तुझं डोकं मला माहीत आहे."

"वाकायचं नाही हं काकू," मापारी म्हणाला.

"वाकलेय का कधी? विचार हिला."

गल्लीत साक्षीला उभे असलेले दोघे शेजारी हसले. सुनेला हसू येईना. राक्षसांचं काळीज संथ, चार श्वासांत एक ठोका. तिचं आत्ता एका श्वासात तीनदा आपटत होतं.

म्हातारी चालू लागली. बरोबर दगडाखाली तिचं पाऊल ओल्या मातीत किंचित रुतलं. ती थांबली. तिने खाली पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं. ती नजर सुनेच्या ओळखीची होती, तिच्यामागून बोलणी यायचीच. बाई गं, सुनेने मनातल्या मनात हात जोडले, आजच्या दिवस गप्प बस.

म्हातारीने तोंड उघडलं. मग मिटलं. मान होती त्याहून ताठ केली आणि बाहेर आली.

मापाऱ्याने तिच्या केसांतून बोटं फिरवली. भांग पाडून पाहिलं, पुन्हा पाहिलं. गेरूचा ठिपका नव्हता.

"गेल्या वर्षी केसाचं अंतर होतं की," एक शेजारी म्हणाला. "म्हातारी आखडली की काय?"

"आपल्यात कुणी आखडत नाही," मापारी म्हणाला.

तो दाराशी गेला आणि गुडघ्यावर बसला. अंगठा जमिनीत दाबला. अंगठा आत गेला. तो वर करून त्याने त्याला लागलेली ओली माती पाहिली, मग दगडाकडे पाहिलं, मग नुसताच बसून राहिला. त्याच्या रुंद पाठीने सगळं दार झाकून गेलं होतं. सुनेने भिंतीला हात टेकला. छप्पर उतरवताना पहिल्यांदा मधलं आढं काढतात, हे तिला उगाचच आठवलं.

मापाऱ्याने अंगठा मांडीला पुसला आणि उठला.

"मावते!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की साक्षीदारांनी कान झाकले. "चला, पुढच्या घरी चला. मी आलोच."

शेजारी पुढे गेले. म्हातारी गाठोडं घेऊन परत आत शिरली, आणि शिरता शिरता तिचं सुरू झालं. "ही काय लिंपायची रीत झाली? गवंडी म्हणे! पाय भरले माझे."

सून रडत होती आणि हसतही होती. मापाऱ्याने गेरूचं भांडं उचललं, पण तो हलेना. आतून येणारा तो आवाज तो ऐकत उभा होता.

"माझ्या आईला मीच मोजलं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मला हे सुचलंच नाही."