खिडकीतलं गोणपाट

"या घरातून यापुढे एकही माणूस उकाड्यापायी बाहेर पडणार नाही!" स्टुलावर उभं राहून मास्तरांनी जाहीर केलं.

"आधी स्टुलावरून उतरा. त्याचा पाय हलतोय," बायको म्हणाली.

घरात माणसं दोनच. त्यातलं एक शनिवारी धाकट्या बहिणीकडे निघालं होतं. परत कधी, ते सांगितलं नव्हतं. भरलेली बॅग दाराशी उभी होती. "या उकाड्यात राहायचं तरी कसं?" एवढंच बायको बोलली होती.

मास्तरांनी ते मनावर घेतलं. जन्मभर फळ्यावर बाष्पीभवन शिकवलं, त्याचा बायकोला थांबवण्यापुरता तरी उपयोग व्हायला हवा होता.

खिडकीत लाकडी चौकट बसली. तिच्यावर गोणपाट ताणलं. वर भोकं पाडलेली नळी, खाली टब, टबात पंप, पुढ्यात पंखा. पहिल्या दिवशी पाणी गोणपाट सोडून घरभर फिरलं. दुसऱ्या दिवशी पंप रुसला. शेजारी "पोहायला कधी येऊ?" असं विचारून गेला. मास्तर हटले नाहीत.

नवल म्हणजे बायकोही पदर खोचून मदतीला आली. गोणपाट तिनेच दुहेरी शिवलं.

"अहो, पण यानं गार कसं होतं?"

"पाणी उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं."

"म्हणजे कुणी गेल्याशिवाय सुख नाही म्हणा!"

"चेष्टा नको."

"बरं. टब तुम्हीच भरून दाखवा. कंबर धरत नाही ना? आणि समोरची खिडकी उघडी ठेवायची. राहील लक्षात?"

मास्तरांना भरून आलं. या वयात बायकोला शास्त्राची गोडी लागली होती.

शनिवारी दुपारी बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालं, आणि आत मास्तरांना शिंक आली. बायकोने कपाटातली शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली.

"आता तरी सोड ती बॅग," मास्तर नाक पुसत, पण विजयी सुरात म्हणाले. "आहे का असला गारवा तुझ्या बहिणीकडे?"

"छे हो! पत्र्याखाली राहते ती. भट्टी आहे नुसती." बायकोने चपला पायात सरकवल्या. "तुम्हाला इथे उकाड्यात टाकून कशी जाऊ, एवढाच घोर होता. तो मिटला. आता तेवढी बॅग गाडीपर्यंत आणता का?"