चूक दाखवणारं बोट

कॅल्क्युलसमध्ये लेक नापास झाली, तेव्हा तिच्या सरांनी एकच उपाय सांगितला. रोज एक गणित सोडवायचं आणि ते कुणाला तरी मोठ्याने समजावून सांगायचं, खाडा न करता. तिने त्यासाठी निवडलं ते बाबांना. तीस वर्षं हाच विषय शिकवून ते आता पक्षाघाताने छताकडे बघत पडून होते.

चार महिन्यांनी एक गणित समजावताना ती मध्येच वैतागली. "आई, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं गं. उद्यापासून बंद."

त्याच गणितात पुढे तिचं चिन्ह चुकलं आणि चादरीखाली त्यांचं बोट हललं.

"बाबा, चुकलं का माझं?" तिने सगळ्या पायऱ्या पुन्हा तपासल्या. त्यानंतर एकही दिवस बुडला नाही. ती चुकली की बोट हलायचं.

आज ती पास झाली. "बाबांनी पास केलं मला," म्हणत त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडली. ते छताकडे बघत होते. मी चादर सारखी केली.


रोज त्यांच्या उशाशी जपाला बसून ऐकता ऐकता गणित मलाही कळू लागलं होतं. माझा एक हात माळेवर असायचा आणि दुसरा चादरीखाली, त्यांच्या बोटाखाली.