किलवरची दुर्री

आजोबांच्या शब्दकोशाच्या पानांत त्यांच्या मोठ्या भावाचं पत्र तीन वर्षं बिनउत्तराचं पडून होतं. ‘माझं काय चुकलं ते सांग. वाट बघतो.’ धाकट्याने मोठ्याची चूक दाखवायची कशी, म्हणून त्यांचं पेन अडायचं. आज नात त्यांना आणि आजीला पोकर शिकवत होती. तिने प्रत्येकाला दोन पानं झाकून दिली, तिसरं उघडं. आजीला राजा आला, नातीला एक्का, आजोबांना किलवरची दुर्री. “आजोबा, पहिली बोली तुमची.” “माझी? अगं, माझं तर सगळ्यात हलकं पान!” “म्हणूनच. हलकं पान ज्याचं, सुरुवात त्यानेच करायची.” “नाही केली तर?” “तर आम्ही बसतो ताटकळत,” आजी म्हणाली. आजोबांनी बोली म्हणून, पैशांऐवजी घेतलेलं एक बटण पुढे सरकवलं. डाव संपताच लिहिलं: ‘दादा, आईच्या आजारपणात तू फिरकला नाहीस.’ टपालपेटीच्या तोंडाशी बोटं अडली, मग पाकीट सुटलं.